धुतलेलं शेवाळ

पिशवीवर सुप्रभानं जाड मार्करनं लिहून ठेवलं होतं, ‘खाऊ नका’. मराठीत, म्हणजे माझ्यासाठीच. आणि मी खाल्लं नाही. चौसष्ट वर्षांत मी लोकांचं न ऐकल्याची उदाहरणं पुष्कळ सापडतील, पण हे मी ऐकलं. फक्त धुतलं.

सुप्रभा माझी सून. केंब्रिजला एका लॅबमध्ये व्हायरसवर काम करते. गिरीश, माझा मुलगा, ब्रॅकनेलला नोकरीला. सोमवारी सकाळी गाडी घेऊन जातो तो शुक्रवारी परत उगवतो. त्यामुळे दोन हजार सहाच्या मार्चमध्ये सहा महिन्यांसाठी मी आले मुलाकडे आणि राहिले सुनेकडे. लग्नाला चार वर्षं झाली होती, तरी आम्ही दोघी अशा सलग एका घरात कधी राहिलोच नव्हतो. पहिले पंधरा दिवस आम्ही एकमेकींशी इतक्या सांभाळून बोलत होतो की मलाच माझा कंटाळा आला. मग एकदा तिनं उभ्याउभ्या दुधात सीरियल कालवून रात्रीचं जेवण म्हणून खाल्लं, मी तिला रागावले, ती मला उलटून बोलली, आणि तिथून आमचं बरं जमलं.

एप्रिलमध्ये ती तिच्या प्रोफेसरांबरोबर वेल्सच्या किनाऱ्यावर गेली. शनिवारी संध्याकाळी दोन पिशव्या भरून शेवाळ घेऊन आली. लॅबची कोल्ड रूम दुरुस्तीला, म्हणून त्या पिशव्या आमच्या फ्रीजमध्ये, माझ्या कोथिंबिरीच्या शेजारी. हे शेवाळ तिकडचे लोक पिढ्यान्‌पिढ्या खातात, सुकवून चिवड्यासारखं तोंडात टाकतात, असं तिनं सांगितलं. “पण हे आपलं नाही हं, अहो आई. हे सँपल आहे.” आणि ते लेबल लावलं.

रविवारी ती आणि गिरीश वॉटफर्डला मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमाला गेले. माझा गुडघा दुखत होता, मी घरी. कोथिंबीर काढायला फ्रीज उघडला तर सगळीकडे बोंबलाचा वास आणि भाजीच्या खणात वाळू. पिशवी उघडून पाहिली. जांभळट, पातळ पानं, त्यात रेती, त्यात दोन बारक्या गोगलगायी. अशी वस्तू कोणी लॅबमध्ये नेतं का? लोक काय म्हणतील हिला?

मी टब काढला. चार पाण्यांतून पानं काढली आणि पाचवं पाणी तुरटीचं. तुरटीचा खडा मी पुण्याहून येताना आणतेच. एकोणतीस वर्षं महापालिकेच्या पाणी शुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत काढली मी. तुरटीवर माझा जेवढा विश्वास आहे तेवढा माणसांवर नाही. खडा टबात तीन वेळा फिरवला, पानं दहा मिनिटं तशीच ठेवली, जुन्या सुती साडीच्या तुकड्यावर टिपली आणि पुन्हा त्याच पिशव्यांत भरली. सोमवारी सुप्रभा अर्धवट झोपेत पिशव्या सायकलच्या टोपलीत टाकून गेली. मी काही बोलले नाही. भाजी धुतली हे कोणी सांगत बसतं का?

मेच्या मध्यावर एके दिवशी ती दारातूनच ओरडत आली. हेल्मेटसुद्धा काढलं नव्हतं. “अहो आई, तीन! फक्त तीन!”

मग तिनं मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसवून सगळं समजावलं. तापात ओठावर पुटकुळ्या येतात ना, त्याचा व्हायरस. छोट्या ताटलीत जिवंत पेशींचा पातळ थर वाढवायचा आणि त्यावर व्हायरस सोडायचा. व्हायरस जिथे जिथे पेशी मारतो तिथे थराला भोक पडतं. मग जांभळा रंग टाकून भोकं मोजायची. नुसता व्हायरस सोडला की ऐंशीच्या आसपास भोकं. आणि या शेवाळाचा अर्क आधी मिसळला तर तीन.

“त्यात एक चिकट साखर असते,” ती म्हणाली. “ती व्हायरसला पेशीला चिकटूच देत नाही. आपल्या चायना ग्रासची चुलत बहीण समजा.”

“चायना ग्रास शेवाळाचं असतं?”

“मग? तुम्ही आयुष्यभर शेवाळाचंच पुडिंग केलंत.”

हसून हसून आमची पुरेवाट झाली. मी दुसऱ्या दिवशी मिल रोडवरच्या दुकानातून चायना ग्रास आणून आंब्याचं पुडिंग केलं. ती लॅबमध्ये घेऊन गेली, आणि प्रोफेसर विल्कॉक्सनी दोनदा घेतलं असं सांगत आली.

तिच्या या हसण्यामागे काय होतं ते मला माहीत होतं. तिचं कॉन्ट्रॅक्ट सप्टेंबरमध्ये संपत होतं. सहा वर्षांत हे तिचं तिसरं. दर वेळी शेवटचे सहा महिने अर्ज करण्यात, वाट बघण्यात जायचे. या वेळी तिनं ठरवलं होतं की बस. नाही मिळालं तर सायन्स सोडायचं आणि गिरीशच्या कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगला लागायचं. हे तिनं मला भांडी पुसताना अगदी सहज सांगितलं, पण एकच ताटली ती पाच मिनिटं पुसत होती. आता या तीनच्या जोरावर विल्कॉक्स तिच्यासाठी तीन वर्षांचा निधी मागणार होते. जूनच्या पहिल्या गुरुवारी कमिटीची बैठक होती आणि तिथे सुप्रभालाच बोलायचं होतं.

त्याच्या आधीच्या सोमवारी आम्ही जेवत होतो. ती मला कमिटीपुढचं भाषण ऐकवत होती, म्हणजे मराठीत करून. मध्येच म्हणाली, “एकच गंमत आहे. अर्क मीडियममध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या पाण्यात, टाकला की थोडं पांढुरकं होतं. बारीक बारीक पुंजके येतात, कापसासारखे, आणि हळूहळू खाली बसतात. साखर आहे ना, जेल होत असणार.”

माझा घास हातातच राहिला.

ते पुंजके मी एकोणतीस वर्षं पाहिलेत. पावसाळ्यात धरणाचं पाणी चहाच्या रंगाचं यायचं. आम्ही सहा बीकर ओळीनं मांडायचो, प्रत्येकात थोडी थोडी जास्त तुरटी घालायचो, ढवळायचो आणि बघत बसायचो. आधी काही नाही. मग अचानक पांढरे पुंजके. माती, जंतू, जे असेल ते पोटात घेऊन पुंजके खाली बसायचे आणि वर पाणी स्वच्छ. कुठल्या बीकरमध्ये किती तुरटीला ते होतं, ते पाहून साऱ्या शहराच्या पाण्याचा डोस ठरायचा. झोपेतून उठवून विचारलं तरी मी ते पुंजके ओळखीन.

व्हायरसला शेवाळानं अडवलंच नसेल तर? माझ्या तुरटीनं त्याला धरून तळाशी बसवलं असेल तर?

मी काही बोलले नाही. भेकड आहे मी, दुसरं काय. मंगळवारी ती गेल्यावर मी घरभर फिरत स्वतःशीच वाद घातला. इतकीशी तुरटी, ती कशाला टिकेल? आणि मी गप्प राहिले तर कोणाला कळणार आहे? गुरुवारी पैसे मंजूर होतील, पोरगी तीन वर्षं सुखानं काम करेल. पण मग ती दुसरं शेवाळ आणणार. ते कोणी तुरटीनं धुणार नाही. मग तिचे तीन कुठून येणार? सगळ्या जगासमोर तोंडघशी पडेल, आणि का पडली ते तिला कधी कळणारसुद्धा नाही. हे डोक्यात आल्यावर मात्र माझे पाय थांबले.

संध्याकाळी तिनं सायकल लावली, आत आली, चहा ओतून घेतला. मी म्हटलं, “सुप्रभा, ते शेवाळ मी धुतलं होतं.”

“कुठलं?”

“ते वेल्सचं. तू वॉटफर्डला गेली होतीस तेव्हा.”

“ओ, इट्स फाइन. आम्हीपण रिन्स करतोच.”

“तुरटीच्या पाण्यानं धुतलं.”

तिनं कप खाली ठेवला. मग विचारलं, “किती?”

“तीन फेरे.”

“फेरे हे युनिट नाहीये, अहो आई. किती ग्रॅम?”

“नाही सांगता येत गं.”

“आणि ते पुंजके…” ती म्हणाली.

“तुरटीचे आहेत. मला काल कळलं.”

आणि मग ती चिडली. चिडणारच. सुनेनं सासूवर असा आवाज चढवलेला मी आमच्या घरात कधी ऐकला नव्हता, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही. “मी लेबल लावलं होतं! मराठीत लावलं होतं!”

“खाऊ नका असं लिहिलं होतंस,” मी म्हटलं. “धुऊ नका असं नव्हतं.”

हे मी बोलायला नको होतं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि टेबलावर डोकं टेकून रडायला लागली. हसते आहे की काय असं मला आधी क्षणभर वाटलं. मी पाण्याचा ग्लास घेऊन नुसती उभी. तिच्या पाठीवरून हात फिरवावा असं फार वाटत होतं, पण त्याच हातानं खडा फिरवला होता.

“हे बघ,” शेवटी मी म्हटलं, “मी काही बोललेच नाही असं समज. गुरुवार होऊन जाऊ दे. नंतर सावकाश तपासून बघ.” सकाळभर घातलेला सगळा वाद तिला रडताना पाहून मी एका मिनिटात विसरले होते.

तिनं डोकं वर केलं. नाक लाल झालं होतं. “तुम्ही आत्ता सांगितलंत ना मला? आता मला माहीत आहे. माहीत नसल्यासारखं त्या स्लाइडसमोर मला नाही उभं राहता येत.” मग पाणी प्यायली आणि म्हणाली, “उद्या माझ्याबरोबर लॅबमध्ये चला. तो खडा घेऊन.”

बुधवारी आम्ही बसनं गेलो. प्रोफेसर विल्कॉक्स म्हणजे उंच, वाकलेला माणूस, स्वेटरला कोपरावर भोक. सुप्रभानं त्यांना सगळं सांगितलं. मी शेजारी खडा धरून उभी. मला वाटलं आता हे मला बाहेर काढतात. त्यांनी कपाळ चोळलं, दोन मिनिटं खिडकीबाहेर बघितलं आणि मला विचारलं की चहात साखर किती घेता.

मग त्यांनी मला सिंकपाशी नेलं. आमच्या टबाएवढा टब, तेवढंच पाणी. खडा आधी वजनकाट्यावर ठेवला. “घरी केलंत तसंच करा,” सुप्रभा म्हणाली. मी खडा तीन वेळा फिरवला. खडा टिपून पुन्हा काट्यावर. एक पूर्णांक चार ग्रॅम कमी. सुप्रभानं वहीत आकडा लिहिला, वेळ लिहिली आणि मला सही करायला सांगितली. नोकरीत असताना सह्या साहेब करायचे.

“आता सहा ताटल्या मांड,” मी तिला म्हटलं. “नुसती तुरटी, शेवाळ नाही. पहिलीत शून्य, मग थोडी थोडी वाढवत ने. आम्ही असंच करायचो. आणि न धुतलेलं शेवाळ वेगळं.”

तिनं विल्कॉक्सना ते इंग्रजीत सांगितलं. ते माझ्याकडे वळून म्हणाले, हे आम्हालाच सुचायला हवं होतं. अडचण एकच होती, न धुतलेलं शेवाळ आणायचं कुठून? तर विल्कॉक्सच्या घरच्या फ्रीजरमध्ये तिसरी पिशवी निघाली. त्यांची बायको ते सूपमध्ये घालते. निम्मं संपलं होतं.

गुरुवारी सुप्रभा कमिटीपुढे उभी राहिली आणि तीनचा आकडा आपण मागे घेत आहोत असं तिनं सांगितलं. का, तेही सांगितलं. घरी आणलेल्या सँपलची जबाबदारी माझी होती, असं म्हणाली. सासूचं नाव घेतलं नाही. कमिटीनं पंधरा दिवस दिले. न धुतलेल्या शेवाळाचे आकडे आणा, त्यात दम असेल तर बघू, नसेल तर विषय बंद. गिरीशला फोनवर हे कळलं तेव्हा तो आधी माझ्यावर ओरडला, मग फोन तिला द्यायला सांगितला आणि बराच वेळ तिच्याशी हळू बोलत होता.

ते पंधरा दिवस आम्ही दोघी फार गोड वागलो एकमेकींशी. मला ते अजिबात सोसलं नाही. तिनं कुठल्यातरी दिवशी पुन्हा उभ्यानं सीरियल खाल्लं आणि मी काही बोलले नाही, तेव्हा तिनंच विचारलं, “रागावत का नाही तुम्ही?” मी म्हटलं, आता कुठल्या तोंडानं रागावू? तिनं बाऊल ठेवला, खुर्ची ओढली आणि मला वरणभात वाढायला सांगितला.

पंधरवड्याच्या शेवटच्या शुक्रवारी तिनं मला पुन्हा लॅबमध्ये नेलं. ताटल्या तयार होत्या. रंगवलेल्या, आतला व्हायरस मारलेला, हात लावायला हरकत नव्हती. मोजणाऱ्याला कुठली ताटली कशाची ते माहीत नसावं लागतं, अशी तिथली रीत. सुप्रभाला माहीत होतं, म्हणून ती मोजू शकत नव्हती. एक मोजणी विल्कॉक्स करणार होते आणि दुसरी मोजणी करणारी लॅबमधली मुलगी सुट्टीवर. “तुम्ही पाण्यातल्या जंतूंच्या वसाहती मोजायचात ना?” तिनं विचारलं. “तुम्ही मोजा.”

मला एका छोट्या खोलीत बसवलं. दिवा, भिंग, बारीक पेन आणि एकवीस ताटल्या, प्रत्येकीवर नुसतं एक इंग्रजी अक्षर. ताटली पालथी धरायची आणि मोजलेल्या प्रत्येक भोकावर मागून ठिपका द्यायचा, म्हणजे तेच पुन्हा मोजलं जात नाही. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

आकडे सगळ्या प्रकारचे निघाले. त्र्याऐंशी. अकरा. बावन्न. सत्तर. तीन. तीस. तुरटीच्या सहा डोसांच्या आणि शेवाळाच्या ताटल्या एकमेकींत मिसळलेल्या, मला काही पत्ता लागेना. एक ताटली हातात घेतली की वाटायचं, हीच असेल शेवाळाची. कमी निघू देत रे देवा. आणि मग त्र्याऐंशी निघाले की म्हणायचे, ही नसू दे. तीन निघाले तरी सुटका नाही, कारण तीन म्हणजे बहुधा माझी तुरटी. डोळ्यांतून पाणी यायला लागलं म्हणून दोनदा भिंग पुसलं. दीड तास लागला. शेवटच्या ताटलीवर ठिपका दिला आणि कागद सुप्रभाच्या हातात दिला.

विल्कॉक्सचा कागद आणि माझा कागद तिनं शेजारी शेजारी ठेवले. कुठे एखाद-दुसऱ्याचा फरक. मग तिनं कपाटातून तिची यादी काढली. तिचं बोट एकेका अक्षरावरून खाली सरकत होतं आणि मी तिच्या तोंडाकडे बघत होते. नुसता व्हायरस, त्र्याऐंशी, ऐंशी, पंच्याऐंशी. नुसती तुरटी, माझ्या एक पूर्णांक चार ग्रॅमच्या हिशेबाची, तीन, दोन, चार. म्हणजे तिचे ते तीन माझेच होते.

“न धुतलेलं शेवाळ,” ती म्हणाली आणि थांबली. “बावन्न. पन्नास. पंचावन्न.”

मला काही कळेना. बावन्न म्हणजे चांगलं की वाईट? विल्कॉक्सनी चष्मा काढला. ऐंशीचे बावन्न होतात म्हणजे शेवाळात काहीतरी आहे, ते म्हणाले. औषध नाही, औषधाच्या जवळपासही नाही, पण आहे. “तीनवर माझा कधी नीटसा विश्वास बसला नव्हता, यावर बसतो.” आणि ते लगेच शेजारच्या खोलीत कमिटीला फोन करायला गेले. सुप्रभा माझ्याशेजारी उभी राहिली. आम्ही दोघी त्या बंद दाराकडे बघत होतो. पंचवीस मिनिटांनी ते बाहेर आले. तीन वर्षं नाही म्हणाले. एक वर्ष. पुढच्या सप्टेंबरपर्यंत.

सुप्रभानं माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली.

घरी जाताना बसच्या वरच्या मजल्यावर आम्ही पुढच्या बाकावर बसलो. ऊन छान पडलं होतं. मला तिच्यापासून काही लपवून ठेवायची आता भीती वाटत होती, म्हणून सांगून टाकलं.

“सुप्रभा, एकोणतीस वर्षांत मी एक आकडा खोटा लिहिला नाही. पण तुझी ताटली कुठली ते मला कळलं असतं ना, तर आज मी दहा-बारा भोकं कमी मोजली असती.”

ती खिडकीबाहेर बघत होती. तिनं डोकं माझ्या खांद्यावर टेकलं.

“माहीत आहे मला,” ती म्हणाली. “म्हणून तर ताटल्यांवरची अक्षरं मी स्वतः उलटसुलट करून ठेवली होती.”